शिष्यवृत्तीची फाईल: आत्याचे कानमंत्र

बाळांनो, परवा दादाचा, तुमच्या बाबांचा, फोन आला. मोठ्याला बारावीनंतर खासगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन मिळालं आणि धाकटीला दहावीनंतर तंत्रनिकेतनात सिव्हिल. ऐकून डोळे भरून आले. आनंदाचं बोलून होतंय न होतंय तोच दादाचा आवाज खाली आला, "ताई, फीचं कसं करायचं गं?" गवंडीकाम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, टमटम चालवणाऱ्या बापांचा हा प्रश्न मी सत्तावीस वर्षं ऐकला. आमच्या संस्थेच्या एकाच आवारात आयटीआय होतं आणि तंत्रनिकेतनही. दोन्हीकडच्या पोरांच्या शिष्यवृत्तीच्या फायली माझ्याच टेबलावर यायच्या. तेव्हा तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे जे आहे ते या टेबलावरचंच.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. नियमात बसत नाही म्हणून शिष्यवृत्ती गेली, अशी पोरं मी फार थोडी पाहिली. नावातल्या एका अक्षरानं गेली, बंद पडलेल्या खात्यानं गेली, न वाचलेल्या मेसेजनं गेली, अशी मात्र पुष्कळ पाहिली. म्हणून अर्ज भरला की काम झालं असं समजू नका. अर्ज भरणं हा एका दिवसाचा खेळ आहे, तो सांभाळणं वर्षभराचं.

तुमचं काय काय बसतं ते आधी सांगते. आपण ओबीसी. मोठ्याची जागा केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेली आहे, म्हणून त्याला इतर मागास बहुजन कल्याण विभागाची व्यावसायिक प्रशिक्षण शुल्क प्रतिपूर्तीची योजना पाहायची. हीच जागा संस्थेच्या पातळीवर, फेरीबाहेर घेतली असती तर हे दार बंद झालं असतं. मोठ्या, फेरीचं अलॉटमेंट लेटर आणि प्रवेशाचा नंबर जपून ठेव. धाकटीचं नशीब चांगलं. २०२४ च्या जुलैमधल्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं होतं. पण 'मुलींना सगळं फुकट' असं गावात ऐकलंत तर तेवढ्यावर विसंबू नका. विकास शुल्क, वसतिगृह, खाणावळ, बसचा पास, ड्रॉइंगचं सामान हे त्यात येत नाही. तो हिशेब दादाला आत्ताच मांडून दाखवा, नाहीतर दिवाळीत घरात रुसवे-फुगवे होतात.

धाकटीसाठी आणखी एक दार आहे, केंद्राची प्रगती शिष्यवृत्ती. पदवी आणि पदविकेच्या तांत्रिक शिक्षणातल्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरतात, राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर नाही. मात्र दोन्हीकडे अर्ज ठोकून जे येईल ते घ्यायचं, असं चालत नाही. एकाच वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेतल्याचं उघडकीला आलं की वसुली लागते. दोन्हीचे नियम शेजारी ठेवून, वर्षाचा खर्च मांडून, संस्थेच्या टेबलावर विचारून मग काय ते ठरवा.

आणि दादा! वीस वर्षं थापी धरली, अजून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद नाही. वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदाराकडून किंवा ग्रामपंचायतीकडून मिळतो. नोंद झालेल्या कामगाराच्या दोन मुलांना शिक्षणासाठी मदत असते, त्यात पदविकासुद्धा येते. बापानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती चढवल्या, त्या कामावरच्या उपकरातून ही मदत येते. ती घ्यायला संकोच कसला? दादाला म्हणावं, एक दिवसाचा रोज बुडाला तर बुडू दे, पण नोंद करून ये.

आता कागद. यादी तुम्हाला संस्थेत मिळेलच, ती मी घोकत बसत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल तेवढं सांगते, कारण सगळी गाडी तिथे अडते. तो तहसीलदाराचाच लागतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. जुलै-ऑगस्टमध्ये सेतू केंद्रासमोर जी रांग लागते ती सगळी एप्रिल झोपून काढलेल्यांची. पुढच्या वर्षीपासून नवा दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवायचा. अर्ज दिला की पावती मागून घ्या, त्यावर नंबर असतो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर अपील करता येतं, आणि पावती हातात असली की खिडकीवरचा माणूसही नीट बोलतो. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. आकड्यातली रक्कम आणि अक्षरी रक्कम एकच आहे ना, दादाचं नाव बरोबर आहे ना. पोर्टलवर रक्कम भरताना जशीच्या तशी भरा. दाखल्यावर ९६,००० असेल तर ९६,०००. 'साधारण एक लाख' म्हणून गोल केलेले अर्ज मी डझनांनी परत पाठवले आहेत.

नावाचं सांगते, जरा सावकाश वाचा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. एवढ्यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते स्पेलिंगनं. आमच्याकडे एक ज्ञानेश्वर होता. शाळेत मास्तरांनी इंग्रजीत नाव लिहिलं ते डी-एन-वाय असं, आधारवाल्यानं लिहिलं जी-वाय-ए असं, आणि बँकेत तो नुसताच माऊली होता. तिन्ही ठिकाणी माणूस एकच, पण कॉम्प्युटरच्या लेखी तीन वेगळे. त्याचा अर्ज वरच्या कार्यालयातून दोनदा परत आला. पोरगा रडकुंडीला आला होता. आम्ही त्याला आधी आधार दुरुस्त करायला लावलं आणि मग त्याच आधारावर बँकेत नाव बदलून घ्यायला लावलं. क्रम हाच ठेवा: दहावीचं मार्कशीट हे मूळ, त्याप्रमाणे आधार, आधारप्रमाणे बँक. उलटं करायला गेलात तर चक्रव्यूहात अडकाल. हे सगळं अर्ज उघडण्याच्या आधी करायचं, कारण आधार दुरुस्त होऊन यायला वेळ लागतो आणि पोर्टलची शेवटची तारीख तुमच्यासाठी थांबत नाही.

बँकेचं त्याहून नाजूक. 'खातं आधारला लिंक आहे' असं बँकेतला माणूस म्हणेल. तुम्ही त्याला विचारा, "डीबीटीसाठी सीडिंग झालंय का?" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खातं उघडताना ओळखीसाठी आधार दिलं, ते झालं लिंक. सरकारी पैसा मात्र खाते क्रमांक बघून येत नाही, तो आधार क्रमांक बघून येतो, आणि त्या आधारला ज्या एका बँकेचं खातं जोडलेलं असेल तिथे जाऊन पडतो. ते जोडणं म्हणजे सीडिंग. सगळ्यात शेवटी जे खातं जोडलं तेच धरलं जातं. आमच्या फिटरच्या एका पोराचे पैसे दोन वर्षं 'जमा झाले' असं पोर्टल दाखवायचं आणि पासबुकात काही नाही. त्याची आई रोज येऊन माझ्यासमोर पासबुक उघडून धरायची. पान कोरं. मला म्हणायची, "बाई, कुणी खाल्ले का हो?" शेवटी मीच त्याला घेऊन बसले आणि आधारच्या साइटवर बँकेचं नाव पाहिलं. भलत्याच बँकेचं नाव आलं. पोराला आठवेना. मग आठवलं, जत्रेत कुणीतरी फुकट सिमकार्ड देत होतं, तिथे त्यानं दोनदा अंगठा लावला होता. एक अंगठा सिमला आणि दुसरा त्या खात्याला. पैसे तिथे सुरक्षित पडून होते, मिळाले सगळे. पण त्या दोन वर्षांत त्या माउलीनं सावकाराकडून उचल घेतली होती, आणि ते व्याज कुणी परत दिलं नाही.

म्हणून आज रात्रीच दोघांनी माय-आधारच्या साइटवर जा, बँक सीडिंगची स्थिती उघडा. तिथे तुमच्या बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' असं दिसलं पाहिजे. त्याचा फोटो काढून ठेवा. दर तीन महिन्यांनी पुन्हा बघा. मधे कुठे नवं खातं उघडलं, कर्जाच्या ॲपवर अंगठा दिला, तर लगेच बघा. मोठ्या, तुझं खातं शाळेत असताना वहिनीच्या सहीनं उघडलेलं, अज्ञान मुलाचं खातं आहे. तू अठरा पूर्ण केलेस की बँक नव्यानं केवायसी मागते, ते केलं नाहीस तर खातं गोठतं आणि पैसा आल्या वाटेनं परत जातो. धाकटे, तुझीही ती वेळ तिसऱ्या वर्षाच्या आसपास येईल, वहीत लिहून ठेव. आणि खात्यात अधूनमधून शंभर-दोनशेची देवघेव चालू ठेवा, नुसतं झोपवून ठेवू नका.

अर्ज कुठे भरायचा? सायबर कॅफेत भरलात तरी चालेल, पण मोबाईल नंबर तुमचाच हवा, आधारला जोडलेला, आणि पासवर्ड तुमच्याच वहीत. कॅफेवाले सोयीसाठी स्वतःचा नंबर टाकतात. मग सहा महिन्यांनी अर्जात त्रुटी निघते, मेसेज कॅफेवाल्याच्या फोनवर जातो, आणि त्याच्याकडे असे चारशे अर्ज. तो तरी कुणाकुणाला सांगेल? एक ठेकेदारी नवीन निघाली आहे, 'हजार द्या, मंजूर करून देतो' म्हणणारी. महाडीबीटीवर अर्ज भरायला सरकार एक पैसा घेत नाही. स्कॅनिंगचे, प्रिंटचे जे काय होतील ते द्या, बाकी कुणालाही देऊ नका.

संस्थेचं नाव निवडताना डोळ्यांत तेल घाला. जिल्हा, तालुका, मग संस्था, मग अभ्यासक्रम, मग वर्ष. एकाच ट्रस्टच्या चार संस्था असतात, नावं जुळ्या भावंडांसारखी. आमच्या आयटीआयच्या पोरांचे अर्ज तंत्रनिकेतनाच्या लॉगिनला जाऊन पडायचे. तिकडचा माणूस म्हणायचा, हा विद्यार्थी आमचा नाही. पोरगा म्हणायचा, मी तर भरला. दोघंही खरंच बोलत असायचे. आमचं टेबल एकच होतं म्हणून आम्हाला कळायचं तरी. जिथे दोन इमारती दोन गावांत आहेत तिथे अर्ज वर्षभर तसाच पडून राहतो. तेव्हा अर्ज भरल्यावर चार दिवसांनी तुमच्या संस्थेच्या टेबलावर जा, अर्जाचा नंबर सांगा आणि विचारा, "माझा अर्ज तुमच्या लॉगिनला दिसतोय का?" एवढं एक वाक्य विचारा.

घरून ये-जा करणार की वसतिगृहात राहणार, हा रकाना खरा भरा. वसतिगृहवाल्याला भत्ता जास्त म्हणून कुणीतरी सांगेल तसं टाकायला. टाकू नका. चौकशी झाली तर दिलेलं परत घेतात, आणि पुढचे हप्ते अडतात ते वेगळंच.

मग अर्जाचा प्रवास सुरू होतो. संस्थेचा लिपिक, प्राचार्य, मग जिल्ह्याचं किंवा विभागाचं कार्यालय. कुठेही शंका आली की तो 'सेंड बॅक' होतो, म्हणजे तुमच्याकडे परत. परत आलेला अर्ज म्हणजे नामंजूर अर्ज नव्हे, दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. पण पोरांना हे माहीत नसतं. 'सेंड बॅक' वाचून ती हताश होतात आणि सोडून देतात. दर सोमवारी दोन मिनिटं लॉगिन करून स्थिती बघा. सोमवार अशासाठी की सुट्टीनंतर कार्यालय उघडं असतं आणि काही निघालं तर त्याच आठवड्यात धावपळ करायला पाच दिवस मिळतात.

इथे माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते. ती मला अजून टोचते. ड्रेसमेकिंगची एक मुलगी होती, एक नंबरची हुशार. तिचा अर्ज वरून परत आला होता, शिक्षणातल्या खंडाचं गॅप प्रमाणपत्र नीट दिसत नव्हतं म्हणून. मी यादी फलकावर लावली आणि माझं काम झालं असं धरलं. ती त्या आठवड्यात आजारी होती. मुदत निघून गेली. तिच्या आईनं पाटल्या मोडून फी भरली. मला कुणी काही बोललं नाही, ती मुलगीसुद्धा नाही. त्यानंतर मी फलकावर यादी लावून थांबले नाही, एकेकाला फोन करत राहिले. पण सगळ्या टेबलांवर तसं होईलच असं नाही, म्हणून तुमचं तुम्ही बघायचं. तुमच्या वर्गात कुणी गैरहजर असेल आणि फलकावर त्याचं नाव दिसलं तर त्याला फोन करा. एवढं माझ्यासाठी करा.

टेबलावरच्या माणसाशी चांगलं बोला. लाचारीनं बोलू नका, तोऱ्यातही बोलू नका. पहिल्या दिवशी त्याचं नाव विचारून घ्या. जाताना अर्जाची प्रिंट, पासबुकाची झेरॉक्स आणि दाखले एका फाईलमध्ये, वर मोबाईल नंबर लिहून. अशी फाईल घेऊन येणाऱ्या पोराचं काम आपोआप आधी होतं, हे मी स्वतः केलेलं आहे.

रांगेत उभं राहायची लाज वाटते असं धाकटी म्हणाली. बाई गं, बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. त्यासाठी त्यांनीही करारावर सही केली होती, परत येऊन संस्थानची नोकरी करण्याच्या अटीसकट. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४४ मध्ये, केंद्र सरकारची दहावीपुढची शिष्यवृत्ती अस्पृश्य मुलांसाठी सुरू झाली. आज आपण ज्या रांगेत उभं राहतो तिची सुरुवात त्या माणसानं झगडून करून दिली आहे. मान वर करून उभी राहा.

तुमच्या वर्गात अनुसूचित जातीची पोरं असतील, त्यांनाही एक सांगा. त्यांच्या दहावीपुढच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. त्यावर उत्पन्न असेल तर निराश होऊ नका, फ्रीशिपची, म्हणजे शुल्कमाफीची, योजना वेगळी आहे. आणि २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात संस्थेचं शुल्कही असतं. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरात शंभर गरजा उभ्या राहतात. बी-बियाणं, आजीचा दवाखाना, बहिणीचं लग्न. मी कुणाला दोष देत नाही, घर म्हटलं की हे येतंच. पण आमच्याकडे तीन पोरांचे निकालाचे कागद त्यापायी अडले होते. मेसेज आला की त्याच आठवड्यात संस्थेचा भाग भरायचा, पावती घ्यायची, उरलेला भत्ता मग घरचा. घरात हे आधीच बोलून ठेवलेलं बरं, पैसे आल्यावर बोलणं अवघड जातं.

राहिलं टिकवणं. मोठ्या, आयटीआयला परीक्षेला बसायचं तर ऐंशी टक्के हजेरी लागते, आणि हजेरी गेली की परीक्षा जाते, परीक्षा गेली की पुढच्या वर्षाचं नूतनीकरण जातं. गणपतीत आठ दिवस, सुगीत दहा दिवस, मामाच्या लग्नात पाच दिवस, असे दिवस कधी गळतात ते कळत नाही. दर महिन्याच्या अखेरीला निदेशकांना आपली टक्केवारी विचार. ताप आला तर त्याच दिवशी कुणाच्या तरी हाती अर्ज पाठव, बरं झाल्यावर डॉक्टरचा दाखला दे. दादाबरोबर साइटवर जायची वेळ आली तर रविवारी जा. आपल्या घरात पैशाची ओढ आहे हे मला ठाऊक आहे, पण तीनशे रुपयांच्या रोजासाठी वर्षाची फी घालवू नकोस.

धाकटे, तंत्रनिकेतनाचं पहिलं वर्ष गणितात अडतं. नापास झालं की त्याच वर्गासाठी शिष्यवृत्ती पुन्हा मिळत नाही. मराठी शाळेतून गेलेल्या मुली पहिल्या सत्रात इंग्रजीला घाबरून मागे बसतात. तू पुढे बस. आणि दुसऱ्या वर्षी 'मला सिव्हिल नको, कॉम्प्युटर हवं' असं मनात आलं तर आधी टेबलावर विचार, मग ठरव, कारण मधेच अभ्यासक्रम बदलला की शिष्यवृत्तीची साखळी तुटू शकते. दर वर्षी निकाल लागला की मार्कशीट स्कॅन करून नूतनीकरणाचा अर्ज स्वतः भर. पहिल्या वर्षी भरला म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.

आता असं करा. येत्या रविवारी दोघंही माझ्याकडे या. येताना आधार, दहावीचं मार्कशीट, दोघांची पासबुकं, जातीचे दाखले आणि अलॉटमेंट लेटर आणा, सगळं मूळ. वहिनीला म्हणावं, रेशनकार्ड पेटीत साड्यांच्या खाली आहे, गेल्या वेळी तिथेच सापडलं होतं. दादालाही बरोबर आणा, त्याच्या ९० दिवसांच्या दाखल्याचा नमुना मी काढून ठेवला आहे. स्कॅनर माझ्याकडे आहे. एकेक फाईल २५६ केबीच्या आत बसवावी लागते, त्याला वेळ लागतो, म्हणून सकाळीच या. जेवायलाच या, पिठलं-भाकरी करते.